खेळायच्या दिवशी पिचरशी बोलत नाहीत

पहिली इनिंग

रविवार दुपार. बेसबॉलच्या मैदानावर आमच्या रेमीने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या पिचरने, तिन्ही बॅटर धडाधड परत पाठवले. सकाळपासून मी त्याच्याशी एक शब्दही बोललेले नाही. ज्या दिवशी पिचर मैदानात उतरणार असतो त्या दिवशी त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. खेळाडूंना हंगामभर घरात ठेवून घेणारी आमच्या गावातली सगळी कुटुंबं हे पाळतात. मी अंडी टेबलावर ठेवून कपडे वाळत घालायला जाते. ड्वेन, माझा नवरा, पेपरमागे लपतो. रेमी खातो, ताट विसळतो, निघतो. एरवी हा लुईझियानाचा मुलगा दाढी करतानाही गप्पा मारतो.

दुसरी

काही घडलं नाही. पिचरसाठी ह्याहून चांगलं काय?

तिसरी

मैदानात शांतता, आमच्या रांगेत नाही. मागे बसलेल्या गस खाटकाचं मत असं, की रेमी मेमध्ये देव होता, जूनमध्ये माणूस झाला आणि जुलैत खिमा. ड्वेन म्हणाला, गुडघा दुखत असणार. मी म्हटलं, झोप होत नाही त्याची, रात्री स्वयंपाकघरात पावलं वाजतात. मग गसने पुढे वाकून हळू आवाजात सांगितलं. त्याचा मेहुणा क्लबच्या ऑफिसात आहे. आजही मार खाल्ला तर उद्या रेमीला घरी पाठवणार. आणि खाली वेगमापक घेऊन बसलेला तो माणूस वरच्या लीगमधल्या एका संघाकडून, ओक्लाहोमाहून, रेमीलाच बघायला आलाय.

"म्हणजे खेळला तरी जाणार, नाही खेळला तरी जाणार," मी म्हटलं.

"मार्लिस, तो काय तुझ्या सोफ्यावर म्हातारा होणार होता?" गस म्हणाला.

चौथी

फटका.

फटका.

एकाला चार चेंडू बाहेर टाकले, तो फुकटात चालत पहिल्या बेसवर.

मग तो चेंडू, कुंपणापलीकडे, धान्याच्या कोठारांकडे. बेसवरचे तिघं आणि मारणारा, चार धावा.

कुणीतरी ओरडलं, पोराला बसमध्ये बसवा. गस मात्र गप्प होता. गस गप्प बसला की मला भीती वाटते.

"त्याचा ग्लव्ह बघ," तो शेवटी म्हणाला. "हळू चेंडू टाकायच्या आधी."

मी बघितलं. हळू चेंडू तळहातात खोल धरावा लागतो, तो धरताना रेमीचा ग्लव्ह माशाच्या कल्ल्यासारखा उघडत होता. वेगवान चेंडूला मिटलेला. समोरच्या बॅटरला सगळं आधीच कळत होतं. मॅनेजर बाजूच्या बाकावर बसतो, तिथून हे दिसत नाही.

ना गुडघा, ना झोप.

चौथी आणि पाचवीच्या मध्ये

बाकीचे पिचर कालच्या लांबलेल्या सामन्यात दमून गेलेले, म्हणून पुढेही रेमीलाच चेंडू टाकायचे होते. तो बाकाच्या टोकाला, डोक्यावर टॉवेल घेऊन बसला होता. त्याचे सोबतीही त्याच्यापासून दूर बसले होते. मी उठले.

"आज बोलायचं नसतं," ड्वेन म्हणाला.

"माहीत आहे."

"बिघडलं तर तुझ्यावर येईल."

"येऊ दे."

कठड्यापर्यंत पोचेतो मला वाटत होतं, ओक्लाहोमावाल्यांना आवडला तर ते त्याला आजच नेतील, गप्प राहिले तर आणखी एक रात्र तरी तो आमच्याकडे असेल. उद्याची सकाळ, अंडी, गप्पा. मग हा विचार किती कोता आहे ते कळलं आणि माझी मलाच लाज वाटली.

"रेमी. हळू चेंडूच्या वेळी तुझा ग्लव्ह उघडतो, बाळा."

टॉवेल हलला नाही. बाकावरचे सगळे माझ्याकडे असे बघत होते, जणू मी चर्चमध्ये शिट्टी वाजवली होती.

पाचवी, सहावी, सातवी

मिटलेला.

मिटलेला.

मिटलेला. बॅटर हवेत बॅट फिरवून वेड्यासारखे स्वतःकडेच बघतात. ओक्लाहोमाचा माणूस अर्धा खाल्लेला हॉटडॉग खुर्चीवर ठेवून पुढे वाकतो. गस माझ्या खांद्यावर हात ठेवतो आणि तिथेच राहू देतो.

आठवी

रेमीला विश्रांती देऊन दमलेल्यांपैकीच एकाला उतरवलं. लोक रेमीसाठी टाळ्या वाजवत उभे राहिले.

नववी

चार-तीन, हरलो. ओक्लाहोमाचा माणूस जिना उतरून मॅनेजरच्या खोलीत गेला. आम्ही बसून राहिलो. कर्मचारी रांगा झाडायला लागले, त्यांनी आम्हाला पाय उचलायला लावले.

नंतर

रेमी कठड्यापाशी आला. ओले केस, खांद्यावर बॅग.

"मिस मार्लिस, तुम्ही आज बोललात."

"बोलले."

"पुढच्या वेळी चौथीच्या आधी बोला. चार धावा वाचतील."

मला हसू आलं. "पुढची वेळ कुठे?"

"ओक्लाहोमा. शुक्रवारी." तो बुटांकडे बघत होता. "उद्या पहाटे निघायचंय."

ड्वेन परगण्याबाहेर गाडी नेत नाही, बहिणीच्या लग्नालाही मी चालवली होती. तो घसा खाकरून म्हणाला, "शुक्रवारी किती वाजता?"

"सातला, सर."

"मग दुपारी जेवून निघालो तर उशीर होईल," ड्वेन माझ्याकडे वळून म्हणाला. "गुरुवारीच निघू."