लग्नात मंगळ

वैरागर पाळकांच्या घरी मंगळ राहायला आला तो न्याहारीच्या वेळी, हातात पत्रिका घेऊन. बुटका, तांबूस, अंगाला तापल्या तव्याची धग. पायताण ओट्यावर काढून तो रीतसर म्हणाला, "सलाम, पाळकसाहेब. मुलीच्या लग्नाला आलोय."

मिशन कंपाउंडातलं ते पहिलंच घर, तेव्हा पत्ता चुकलात असंही म्हणायची सोय नव्हती. शांतवन वैरागरांनी चहाचा कप खाली ठेवला. हयातभर त्यांनी मंडळीला ठणकावून सांगितलं होतं, की तारे हे देवाचे चाकर. आणि धन्याच्या मनात काय आहे हे चाकराला विचारणं म्हणजे पाप. आता चाकरच दारात उभा. घ्या!

"तुम्हाला बोलावलं कोणी?"

"पत्रिकेत नाव आहे माझं," मंगळ म्हणाला आणि त्यानं कागद पुढे केला.

पाळकीणबाई स्वयंपाकघराच्या दारात होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि पाळकांना उलगडा झाला.

घडलं होतं ते असं. सुवार्ताची, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक लेकीची, दोन स्थळं ठरता ठरता फिसकटली. आईचा जीव तो! बाई बांगड्या भरायला म्हणून निघाल्या आणि तडक जोशीबुवांच्या घरी गेल्या. "आमच्यात हे असलं काही नसतं," त्या म्हणाल्या, "पण नुसतं बघून ठेवा." जन्मवेळ विचारली, तर चर्चची घंटा वाजत होती तेव्हा झाली एवढंच त्यांना आठवत होतं. बुवांनी तेवढ्यावर पत्रिका मांडली आणि म्हणाले, "बाई, मुलीच्या लग्नात मंगळ आहे. पहिल्या घरात." जोश्यांच्या भाषेत लग्न म्हणजे पत्रिकेतलं पहिलं घर, हे पाळकीणबाईंना कुठलं ठाऊक! त्यांना वाटलं, लग्नात म्हणजे लग्नात. मंगळालाही तसंच वाटलं. पुढे जालन्याच्या आढावांचा मार्कस आपल्या पायानं चालत आला, सुवार्ता त्याला आवडली, तिलाही तो आवडला, तारीख निघाली. आणि मंगळ आला.

"असलं काही नसतं," पाळक त्याच्या तोंडावर म्हणाले.

बाहेरच्या खोलीची भिंत खुर्चीभर आत सरकली. मंगळ एका कोपऱ्यात बसून राहिला.

मग रोज तेच. कोणीही यायचं, मंगळाकडे बघायचं, पाळकांकडे बघायचं आणि म्हणायचं, "यंदा उकाडा फार, नाही?" आणि दिवस कसले, तर नाताळ नुकताच सरलेला, लोक स्वेटर घालून हिंडताहेत! पाळक म्हणायचे, "हो ना," आणि भिंत सरकायची. पाळकीणबाई तेवढ्या व्यवहारी. "काहीही म्हणा, धुणं छान वाळतं त्याच्याजवळ," असं त्या एकदा बोलून गेल्या. पाळक दिवसभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

आढाव मंडळी बोलणी पक्की करायला आली तेव्हा मार्कसचे वडील, आनंदराव, नेमके मंगळाच्या शेजारी बसले. घाम पुसत कोणी न विचारताच मोठ्यानं म्हणाले, "आमच्यात मंगळ नसतो." त्यासरशी खोली एवढी आखडली, की आनंदरावांच्या बाईंना उभ्यानंच पोहे खावे लागले. पोह्यांना चव छान आहे, असं त्या म्हणाल्या.

सुवार्तानं एका दुपारी मंगळाला तांब्याभर पाणी नेऊन दिलं. ओठाला लागायच्या आत त्याची वाफ झाली. तो म्हणाला, "राहू दे पोरी." ती तशीच उठून वडिलांकडे गेली.

"बाबा, तो आहे का नाही, एवढंच सांगा."

"सुवार्ता, असलं काही नसतं."

भिंत सरकली. दोघांनी ती सरकताना पाहिली.

"मला त्याला काही विचारायचं नाही," ती म्हणाली. "तुम्हीच शिकवलंय, विचारू नये, म्हणून. नाही विचारणार. पण जे माझ्या डोळ्यांना दिसतंय ते नाही म्हणू नका हो. मी वेडी आहे असं तरी म्हणा."

आहे म्हणावं तर आयुष्यभराचा उपदेश पाण्यात. नाही म्हणावं तर पोरगी हातची जाते. "लग्न होऊ दे, मग बोलू," पाळक म्हणाले. ती आत गेली.

लग्नाच्या आदल्या दिवशी बाहेरच्या खोलीत दोनच खुर्च्या मावत होत्या. पाळक आणि मंगळ समोरासमोर बसले होते, गुडघ्याला गुडघा लागलेला. पाळकांची पँट करपल्याचा वास येत होता.

"तुम्ही काही बोलत नाही," पाळक म्हणाले.

"विचारल्याशिवाय बोलत नसतो."

"म्हणजे या लग्नाबद्दल सांगण्यासारखं काही आहे."

"आहे."

"चांग..." पाळकांनी जीभ चावली. एवढं विचारलं असतं तर संपलंच होतं. त्यांनी प्रभूचं नाव घेतलं आणि घाम पुसला.

मंगळ छपराकडे बघत होता. "तुमची महिला सभा कधी असते, पाळकसाहेब?"

"मंगळवारी," पाळक म्हणाले आणि ओशाळले.

"आणि उपासना रविवारी. नाताळात तर तुम्ही दरवर्षी सांगता, मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्योतिषी, तारा बघून निघाले आणि तारा येशूच्या गोठ्यावर येऊन थांबला. आमच्यातलाच होता तो."

"त्याला पाठवलं होतं!" पाळक उसळून म्हणाले. "तुम्हाला पाठवलंय का कोणी?"

तोंडातून गेलं ते गेलं. मंगळानं मान खाली घातली.

"विचारलंत म्हणून सांगतो. तो तारा मला म्हणाला होता, आपल्याला पाठवलंय हे त्यालाही पोचल्यावरच कळलं."

त्यानंतर पाळकांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी चर्च भरलं होतं. इतक्या जणांनी इतके दिवस नाही नाही म्हटलं होतं, की चर्चसुद्धा पार आखडलं होतं. पुढच्याच्या पाठीला मागच्याचे गुडघे लागत होते. तरी शेवटचं बाक मोकळं. तिथे मंगळ एकटा बसला होता, धुतलेला सदरा घालून, केस नीट विंचरून. बाकाच्या व्हार्निशला फोड आले होते. "तिकडे जागा आहे," असं कोणीही कोणाला म्हणालं नाही.

सुवार्ता पांढऱ्या साडीत आली. मार्कस तिच्याकडे बघून हसला. दोघं शेजारी उभी राहिली आणि पाळकांचं मन क्षणभर निवलं. त्यांनी प्रार्थना केली, गीत झालं, आणि मग त्यांना पुस्तकातलं पुढचं वाक्य दिसलं.

किती लग्नं लावली होती त्यांनी, आणि प्रत्येक लग्नात ते वाक्य म्हटलं होतं. म्हणायचं, क्षणभर थांबायचं, कोणीतरी खोकतं, पुढे जायचं. त्या प्रश्नाला कधी कोणी उत्तर दिलं नव्हतं. पण तो विचारल्याशिवाय लग्न लागत नाही. आणि प्रश्न असतो हजर असलेल्या सगळ्यांना, अगदी शेवटच्या बाकापर्यंत. दुसऱ्या एखाद्या पाळकाला बोलवायला हवं होतं, त्यांच्या मनात आलं. पण प्रश्न तर त्यालाही विचारावाच लागला असता.

"बाबा," सुवार्ता हळूच म्हणाली. "विचारा."

पाळकांनी घसा साफ केला.

"या दोघांच्या विवाहाबद्दल कोणाला काही सांगायचं असेल, तर त्यानं आत्ता सांगावं. नाहीतर पुढे कधी तोंड उघडू नये."

कोणी खोकलं नाही. आधी आनंदराव मागे वळले, मग त्यांच्या बाई, मग पाळकीणबाई, मग मार्कस, मग सगळी मंडळी. ज्यांनी मंगळाला कधी पाहिलंच नव्हतं, ती सगळी माणसं माना वळवून शेवटच्या बाकाकडे बघत राहिली.

सुवार्ता तेवढी वळली नाही. ती वडिलांकडे बघत होती. वडील तिच्या डोक्यावरून कुठे बघताहेत, ते तिला दिसलं.

"म्हणजे तो आहे," ती म्हणाली.

मागे शेवटचं बाक करकरलं. मंगळ उठत होता.