तीन ठोके

"समोर जा. हसा. हात हलवा."

एवढंच लिहिलं होतं त्या कार्डावर. वर एक पिवळा हसरा चेहरा, भोवती प्लास्टिकचं आवरण, आणि हे सगळं नेमकं मावशीच्या डोळ्यांसमोर, रोलरच्या खांबाला चिकटवलेलं. चादर लावायला मान वर केली की कार्ड दिसायचं आणि मावशीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मावशी म्हणजे धुलाईच्या कारखान्यातल्या इस्त्री खात्याची मुकादम. गावातल्या दवाखान्यांच्या चादरी इथे धुऊन यायच्या आणि वाफेवर तापलेल्या लांबलचक रोलरमधून कडक होऊन बाहेर पडायच्या. चादर आत सोडायला दोघी लागत. डावं टोक मावशी धरायची, उजवं ठकी. रोलर थांबवायचा दांडा उजवीकडे, म्हणजे ठकीच्या हाताशी. तिच्याआधी तिघींनी ती जागा करून पाहिली आणि तिघी हात भाजून घेऊन दुसऱ्या खात्यात गेल्या. ठकी बारा वर्षं तिथे उभी होती आणि तिच्या हातून एक सुरकुती गेली नव्हती. कापड ओलं किती, हे तिला बोटाला कळायचं.

ठकीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. मग तिला हाक कशी मारायची? ते तिनंच पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. दोघींच्या मधे एक लांब लाकडी फळी होती. मावशीचा हात धरून तिनं तो फळीवर आपटला आणि आपली कंबर फळीला टेकवून दाखवली. इथे कळतं मला, म्हणाली खुणेनं. एक ठोका म्हणजे इकडे बघ. दोन म्हणजे सावकाश. तीन म्हणजे थांब, रोलर बंद. झालं! अख्ख्या खात्याला ते इतकं अंगवळणी पडलं की बायका जेवताना डबा पुढे सरकवायलासुद्धा ठोका द्यायच्या. त्या ठकठकीवरून तिचं नाव ठकी पडलं. पडलं म्हणजे काय, तिनंच ते खडूनं फळीवर लिहिलं आणि खाली लाकडी बाहुलीचं चित्र काढलं. नाव ठकी, पण तिला ठकवायची कुणाची टाप नव्हती. घड्या मोजण्यात लबाडी केलेली तिला पाठमोरी असतानाही समजायची.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना कारखान्यात आपुलकीबाई आल्या.

त्यांचा हुद्दा लांबलचक होता, 'विविधता आणि समावेशन अधिकारी' असा काहीतरी. पण दर वाक्यात एकदा तरी 'आपुलकी' म्हणायच्या, म्हणून बायकांनी हे सुटसुटीत नाव दिलं. बाई वाईट नव्हत्या, हेच तर दुखणं होतं. वाईट असत्या तर मावशीनं पहिल्याच दिवशी दोन शब्द सुनावले असते. ह्या गोड बोलायच्या, सगळ्यांना 'अहो' म्हणायच्या, आणि इस्त्री खात्यात पाऊल ठेवल्या ठेवल्या मावशीनं फळीवर थाडकन हात मारलेला बघून त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"माणसाला असं बोलावतात?" त्या म्हणाल्या. "गुरांना हाकलतात तसं?"

आठ दिवसांत सगळ्यांना बसवून प्रशिक्षण झालं. पडद्यावर चित्रं दाखवली. ठोकणं अपमानास्पद, 'ठकी' हे नाव अपमानास्पद. यापुढे तिला 'ताई' म्हणायचं आणि बोलवायचं असेल तर समोर जायचं, हसायचं, हात हलवायचा. शिवाय शिस्तीसाठी खात्यात एक विजेची घंटा बसणार, धोका दिसला की बटण दाबायचं, नियम सगळ्यांना सारखा.

ठकी शेवटच्या रांगेत बसली होती. बाईंचं तोंड अर्धा वेळ पडद्याकडे, त्यामुळे तिला ओठ वाचता येईनात. तिनं दोनदा हात वर केला. बाईंनी दोन्ही वेळा आपुलकीनं हात हलवून दाखवला आणि पुढे बोलत राहिल्या. शेवटी टाळ्या झाल्या. मावशीनंही वाजवल्या. घंटा ऐकणार कोण, हा प्रश्न तिच्या मनात आला होता, पण साहेब पहिल्या रांगेत बसले होते आणि मावशी मूग गिळून बसली.

सवय काय अशी जाते? दुसऱ्याच दिवशी मावशीच्या हातून दोन ठोके पडले. लगेच मेमो आला: असंवेदनशील वर्तन, पुन्हा घडल्यास मुकादमी जाईल. मावशीनं तो कागद चार वेळा वाचला. असंवेदनशील! ठकीच्या बाळंतपणात दवाखान्याच्या पायरीवर रात्रभर बसलेली मी, आणि मी असंवेदनशील! संताप संताप झाला नुसता. पण तेव्हापासून हात फळीकडे निघाला की ती तो मुठीत आवळून घ्यायची.

आणि मग ती सकाळ उजाडली. एका चादरीच्या कोपऱ्याची बांधायची नाडी सुटलेली होती. मावशीनं टोक लावलं, नाडी तिच्या बाहीच्या बटणात अडकली आणि चादरीबरोबर बाहीसुद्धा आत निघाली. ठकी नेमकी फळीला कंबर टेकवून, मागे वळून गाड्यावरची पुढची चादर उचलत होती. मावशीनं मोकळ्या हातानं बटण दाबलं. घंटा अशी किंचाळली की पलीकडच्या खात्यातल्या बायका धावत आल्या. ठकी शांतपणे चादर झटकत राहिली. तिचा काय दोष? तिच्या जगात काही वाजलंच नव्हतं. मावशीचा हात फळीवर उचलला गेला आणि, देवा, तिथेच थांबला. मेला तो मेमो आठवला! मनगट रोलरला टेकलं तेव्हा कुठे तिनं जीव खाऊन तीन ठोके हाणले. ठकीनं वळूनही बघितलं नाही. तिचा हात थेट दांड्यावर गेला आणि रोलर जागच्या जागी थांबला.

मनगटावर रुपयाएवढा डाग पडला, तेवढ्यावर भागलं. मलमपट्टीच्या खोलीत आपुलकीबाई स्वतः आल्या, मावशीच्या पाठीवरून हात फिरवला, एक कागद पुढे केला. मावशीनं डाव्या हातानं सही केली. वाचायचं भान होतं कुणाला?

त्या कागदात काय होतं ते चौथ्या दिवशी बदलीचा हुकूम निघाला तेव्हा कळलं. 'घंटा वाजूनही श्रवणबाधित कर्मचाऱ्याने प्रतिसाद दिला नाही. तिच्या सुरक्षिततेसाठी तिला सोमवारपासून रोलरवरून काढून उशीच्या अभ्र्यांच्या खोलीत बसवण्यात येत आहे.' ती खोली म्हणजे मागच्या बाजूचं एक टेबल आणि एक भिंत. तोंड भिंतीकडे, दिवसभर एकटीनं अभ्रे मोजायचे. बारा वर्षांची कारागीर, आणि तिला कोपऱ्यात बसवणार! साक्षीदार म्हणून खाली मावशीची वाकडीतिकडी सही.

मावशीनं पदर खोचला आणि ठकीचा हात धरून तडक काचेची केबिन गाठली. आत साहेब आणि आपुलकीबाई बसले होते. ठकीला खुर्ची दिली, पाणी दिलं, हसून हात हलवून झाले. मग तिघांचं जे सुरू झालं ते तिघांतच.

"तिच्याच भल्यासाठी आहे हो," बाई मावशीला म्हणाल्या. "तुम्ही जरा समजावून सांगा ना तिला."

"कसलं भलं?" मावशी कडाडली. "घंटा कुणासाठी बसवली तुम्ही? भिंतींसाठी? माझी बाही आत चाललेली आणि मी काय करायचं, समोर जायचं? हसायचं? हात हलवायचा? कुठला हात हलवू, आत गेलेला?"

साहेब म्हणाले, "मुकादम, आवाज खाली. उद्या तिला काही झालं तर जबाबदार कोण?"

"बारा वर्षांत काही झालं नाही ते तुमच्या आपुलकीनं आठ दिवसांत झालं! तुम्हाला काय माहीत तिला काय लागतं? मला विचारा. मी ओळखते तिला. ती बिचारी गप्प गरीब, तिला तोंड नाही, म्हणून तुम्ही..."

ठक. ठक. ठक.

टेबलावरचा पाण्याचा पेला हलला. मावशीची जीभ जागच्या जागी थांबली आणि दोन्ही हात सवयीनं वर गेले, रोलरपासून दूर घेतात तसे. साहेब दचकले. ठकी उभी होती, मूठ अजून टेबलावर होती, आणि तिचा चेहरा रागानं लालबुंद झाला होता. मावशीनं बारा वर्षांत तो चेहरा असा पाहिला नव्हता.

ठकीनं खिशातून चादरींवर खुणा करायचं काळं पेन काढलं, साहेबांपुढचा बदलीचा हुकूम ओढून उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरात लिहिलं.

'घंटा बसवताना मला विचारलं?' कागद साहेबांपुढे धरला. साहेबांनी चष्मा पुसायला घेतला.

'ठोका बंद करताना मला विचारलं?' कागद बाईंपुढे गेला. 'ठोका मी शिकवला. नाव मी ठेवलं. अपमान तुम्हाला वाटला, मला नाही.'

मावशीला आतून बरं वाटू लागलं होतं. हाण अजून, ती मनात म्हणत होती. तेवढ्यात कागद तिच्यासमोर आला.

'टाळ्या वाजवताना तू विचारलंस? सही करताना? बिचारी कोण?'

मनगटावरचा डाग हुळहुळला. एक अक्षर खोटं नव्हतं. लाज वाटली तिला, अगदी धरणीनं पोटात घ्यावं अशी.

ठकीनं पेनाला टोपण लावलं, खाली बसली, हाताची घडी घातली आणि नजर टेबलावर रोवली. आता ती कुणाकडेच बघेना.

बाई हळूच मावशीकडे वळल्या. "तिला विचारा ना, तिला नक्की काय हवंय?"

"मी नाही विचारणार," मावशी म्हणाली. "आजवर मीच बोलले तिच्या वाटचं, फार झालं. ती समोर बसलीय. तुम्ही विचारा."

"पण ती बघतच नाहीये."

"मग कार्ड आहे की तुमचं!"

आपुलकीबाई उठल्या. टेबलाला वळसा घालून ठकीच्या समोर गेल्या. हसल्या. हात हलवला. ठकीची मान खाली ती खालीच. बाईंनी आणखी हसून, आणखी जोरात हात हलवला. साहेब काचेबाहेर बघू लागले. बाहेर इस्त्री खात्यातल्या साऱ्या बायका रांगेनं उभ्या राहून आत बघत होत्या. बाईंचं हसू हळूहळू उतरलं, आणि हलवलेला हात कुठे ठेवावा ते त्यांना कळेना.

"मुकादम," त्या पडेल आवाजात म्हणाल्या, "कितीदा?"

"एकदा," मावशी म्हणाली. "इकडे बघ म्हणायला एकदा पुरतो. पण नीट, लाकडाला कळेल असा."

बाईंनी मूठ वळली, श्वास घेतला आणि टेबलावर एक ठोका दिला.

ठकीनं मान वर केली. पेनाचं टोपण काढलं, कागदावर उरलेल्या कोपऱ्यात एकच शब्द लिहिला आणि कागद बाईंच्या दिशेनं फिरवला.

'विचारा.'