कडेपलीकडचे बटण

मित्रांनो, मी एक जुने बटण आहे. शर्टाचे नव्हे, संगणकाच्या पडद्यावरचे. टुकुयू नावाच्या गावच्या चहामळ्यांमधल्या एका लहान रुग्णालयात माझे आयुष्य गेले. मला अंबाकिस्ये नावाच्या तरुणाने घडवले आणि माझ्यावर लिहिले, ‘रक्त मागवा’. मला दाबले की शहरातल्या रक्तपेढीत निरोप जाई आणि तिथून गाडी निघे.

प्रसूतिकक्षातल्या सिस्टर तुंपाले मला दाबताना पुटपुटत, “लवकर पाठव रे बाबा.” तेवढेच माझे कौतुक.

पुढे अंबाकिस्येने पडद्यावरचे इंग्रजी शब्द काढून स्वाहिली घातले. सगळे खूश झाले. पण ते शब्द लांब होते. त्यांनी मला ढकलत ढकलत पडद्यावरच्या खिडकीच्या उजव्या कडेबाहेर नेले. अंबाकिस्येच्या रुंद पडद्यावर मी दिसत होतो. रुग्णालयाचा पडदा अरुंद. माउसचा बाण माझ्याजवळ येई, कडेला थबके आणि मागे फिरे. हाक मारायला मला आवाज नव्हता.

अशाच एका सकाळी एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबेना. सिस्टरांनी अंबाकिस्येला फोन केला.

“अरे, बटण काढलंस का तू?”

“नाही हो ताई, इथं दिसतंय की. नीट बघा ना.”

“मी काय आंधळी आहे? बाई चाललीय इथं!”

मग त्यांनी रक्तपेढीला फोन लावला. तो लागता लागेना. रक्त उशिरा आले. बाई कशीबशी वाचली.

दुसऱ्या दिवशी अंबाकिस्ये स्वतः आला आणि त्या अरुंद पडद्यासमोर बसला. कोण कुठवर पसरले आहे ते दिसावे म्हणून पडद्यावरच्या प्रत्येक चौकटीला त्याने वेगळा रंग दिला. लाल, निळी, पिवळी... आणि अगदी कडेला हिरव्या रंगाची दोऱ्याएवढी रेघ. ती मी.

“ताई, हे इथंच आहे,” तो हळूच म्हणाला.

“इथंच? ती बाई पांढरी पडत चालली होती, तेव्हाही?”

त्याने मान खाली घातली. लांब शब्द दोन ओळींत मोडले, मला खाली मोकळ्या जागी आणले, खिडकी लहानमोठी करून पाहिली. मी पुन्हा दिसू लागलो.

पण मित्रांनो, आता रक्त लागले की सिस्टर आधी फोन उचलतात. बाण माझ्यावरून नुसता सरकून जातो. त्यांचे काय चुकले? मी आपला वाट पाहतो.

तुमच्यापैकी कुणी मोठेपणी असे पडदे घडवले, तर एकदा आपल्या खुर्चीतून उठा. ज्याचे काम त्यावर अडते, त्याच्या खुर्चीत जाऊन बसा. कोण कडेपलीकडे राहिले आहे, ते तिथे बसल्यावरच कळते.