दरीपलीकडून घातलेली मागणी

मसाका शहराच्या आसपासच्या टेकड्यांवर कुणाच्या मुलाचं लग्न ठरायचं झालं, की आधी लुतायांकडे निरोप जायचा. मुलीच्या दारात मुलाकडच्यांच्या वतीने बोलायला उभं राहणं हा त्यांचा धंदा. रीतीप्रमाणे समोर मुलीकडचाही एक तोंडाळ माणूस असतो. तो पाहुण्यांना ‘कोण तुम्ही, वाट चुकलात का,’ असं हिणवतो. त्याला तिथल्या तिथे गप्प करायचं, मांडवाला हसवायचं आणि मुलगी घेऊन यायचं, यात लुतायांचा हात कुणी धरू शकत नसे. ते माइकसुद्धा घेत नसत. ‘माइक लागतो तो गळा नव्हे, नरडं,’ असं म्हणत.

अशा माणसाच्या तोंडावर कुत्र्याने जांभई दिली.

कुत्रा नवा होता. आळीतल्या कोंबड्या चोरीला जायला लागल्या, म्हणून शहरातल्या एका दुकानदाराकडून आणलेला. अंगाने मक्याच्या पिठासारखा पांढरट, म्हणून नावही तेच पडलं, कावुंगा. लुतायांच्या बायकोजवळ, नाब्बोसाजवळ तो सुखाने असे. ती शिवायला बसली की मशीनखाली तिच्या पायाशी पडून राही. पण संध्याकाळी लुताया अंगणात सरावाला उभे राहिले, की कावुंगाचे चाळे सुरू होत.

“ऐका हो मंडळी! आम्ही लांबून आलोय!” लुताया गरजले, की कावुंगा भलीमोठी जांभई देई. मग मान फिरवी. मग जिभल्या चाटी.

“बघ, बघ! मी काळीज ओतून बोलतोय आणि याला जेवण सुचतंय!”

“अहो, कुत्रं आहे ते,” नाब्बोसा म्हणाली.

“कुत्रं असू दे गं, पण रसिक नको?”

शेवटी एके दिवशी लुताया त्याच्यावर वाकले आणि बोट नाचवत म्हणाले, “अरे, तुला कळत नसेल तर निदान गप्प बसून ऐक!” कावुंगाने त्यांच्या समारंभाच्या बुटांवर मुतून टाकलं.

“झालं! आता हा उद्याच परत,” लुताया म्हणाले. पण नाब्बोसाने दुसऱ्या दिवशी शेजारच्या गाईला टोचायला आलेल्या डॉक्टरीणबाईंना हाक मारली. नान्तेझा त्यांचं नाव. वयाने लहान, पण बोलणं मोजकं.

“काका, रोज बोलता तसं बोलून दाखवा बघू,” त्या म्हणाल्या.

लुतायांना हेच हवं होतं. त्यांनी छाती भरून सुरुवात केली. पण बाई त्यांच्याकडे बघेचनात. त्या बघत होत्या कुत्र्याकडे.

“पुरे, काका. तो कंटाळलेला नाही. भ्यालाय. घाबरलेलं कुत्रं अशी जांभई देतं, झोप नसली तरी. तोंड फिरवतं, म्हणजे म्हणतं, ‘मला भांडायचं नाही, तुम्हीही भांडू नका.’ जिभल्या चाटणंही त्यातलंच. शेपूट बघा, पोटात घातलंय. आधीच्या मालकाने ओरडून ओरडून मारला असेल.”

“आणि बुटांवर केलं ते?”

“तुम्ही अंगावर वाकलात ना? त्याच्यापुढे आणखी काही उपाय उरला नव्हता.”

लुताया पायरीवर बसले. “म्हणजे इतके दिवस तो माझ्यापुढे हात जोडत होता,” ते म्हणाले, “आणि मी त्याला उत्तरावर उत्तर देत होतो?”

बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. घरात हळू बोलायचं, खाली बसायचं, तेही अंग तिरपं करून. डोळ्यांत डोळे घालायचे नाहीत, डोक्यावर हात आणायचा नाही. त्याला यायचं तेव्हा तो येईल. आणि सराव करायचा तो इतक्या लांबून, की कावुंगाला आवाज कळेल पण भीती वाटणार नाही. आवाज आला की नाब्बोसाने सुका मासा द्यायचा, थांबला की मासा बंद. तो निवांत राहिला तरच थोडं जवळ यायचं. घाई केली की पुन्हा पहिले पाढे.

लुताया घरात कुजबुजायला लागले. दोनच दिवसांत आळीत बातमी, की लुतायांचा घसा बसला, आता कसली लग्नं जुळवणार! संध्याकाळी मात्र ते दरीतली पाणथळ ओलांडून समोरच्या टेकडीवर जात. तिथल्या मैदानाच्या कडेला, आपल्या घराकडे तोंड करून उभे राहत आणि बोंब ठोकत, “आम्ही पाहुणे आलोय हो! तुमच्या घरातली गुणाची मुलगी आमच्या पदरात घाला!”

इकडे कावुंगा कान टवकारी आणि माशाची वाट बघे. पुढे पुढे तो लुताया घरी आले की त्यांच्यापासून हातभर अंतरावर येऊन बसायला लागला. लुताया श्वाससुद्धा जपून घेत.

एका रविवारी दुपारी लुताया आणि कावुंगा असेच पायरीवर बसले असताना फाटकातून तीन माणसं आत शिरली. पुढे समोरच्या टेकडीवरचा कियिंबा म्हातारा, पांढरा झगा, वर कोट. मागे त्याचे दोन भाऊ.

“लुताया!” कियिंबा कडाडला. “रोज संध्याकाळी माझ्या दाराशी उभा राहून मुलगी मागतोस. माझ्या बायकोने घराला रंग दिला! बोलणीसाठी मुलीच्या आत्याबाई येऊन बसल्यात! आणि पुढे काही नाहीच? नवरामुलगा कुठाय, की पाठवायला विसरलास?”

लुतायांच्या जिभेवर तीन फर्मास उत्तरं एकदम आली. पण तेवढ्यात त्यांच्या पाठीला काहीतरी ऊबदार चिकटलं. कावुंगा मशीनखाली पळाला नव्हता. तो त्यांच्या मागे दडला होता आणि थरथरत होता. लुतायांनी तिन्ही उत्तरं गिळली.

“भाऊ, बसा,” ते पुटपुटले. “जरा हळू. माझ्यामागे एकजण घाबरलाय.”

“कोण, नवरामुलगा?”

“कुत्रा.”

कियिंबाने भावांकडे बघितलं. “माझ्या लेकीसाठी, नामातासाठी, कुत्रा?”

“नाही हो!” लुताया कुजबुजतच कळवळले आणि त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. ऐकू यावं म्हणून तिघांना खाली बसावं लागलं, मग पुढे झुकावं लागलं. म्हाताऱ्याचा राग तेवढ्यात निम्मा झाला. वाकलेल्या माणसाला ओरडता येत नाही.

“तरी आमची नामाता म्हणत होती,” धाकटा भाऊ म्हणाला, “की मागणी घालणाऱ्याची पाठ आपल्याकडे कशी?”

“मला वाटलं, लाजतोय. रीतीचा माणूस आहे,” कियिंबा म्हणाला. मग त्याचे खांदे हलायला लागले. हसू दाबताना त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. “पण ऐक. तिकडे केळीच्या पानांत कोंबड्या शिजतायत. त्या आता तुलाच खाव्या लागतील.”

लुताया पांढरा झगा चढवून नाब्बोसाबरोबर त्यांच्या मागून निघाले. फाटक ओलांडलं तर मागून कावुंगा. कुणी बोलावलं नव्हतं. पाणथळीपर्यंत तो आला आणि वरून कियिंबाच्या घरातली गाणी ऐकू आली तसा थबकला. शेपूट खाली गेलं. लुताया तिथेच गवतात बसले.

“अहो, झगा!” नाब्बोसा म्हणाली.

“धुता येईल.”

वरून हाका आल्या. लुतायांनी नुसता हात हलवला. शेवटी नामाता हसत हसत पानं घेऊन खाली उतरली, तिच्यामागे आत्याबाई, त्यांच्यामागे कियिंबा. सगळे उतारावरच बसले. कियिंबाला हळू बोलणं जन्मात जमलेलं नव्हतं. तो दर वाक्याला गरजायचा आणि आत्याबाई त्याला चिमटा काढायच्या. लुताया अंग तिरपं करून बसले होते. त्यांनी कोंबडीचं हाड काढून टाकलं आणि मऊ तुकडा तळहातावर ठेवून हात गवतात टेकला. कावुंगाने आधी हात हुंगला, मग तुकडा उचलला. तुकडा संपल्यावरही तो हात चाटत राहिला आणि लुतायांनी, जेवायचा उजवाच हात असूनही, तो काही मागे घेतला नाही. डाव्या हाताने ते जेवले.