उघड्या बरणीतला रोग

आठव्या दिवशी गल्लीतल्या उंबऱ्याउंबऱ्यावर माणसं काचेच्या बरणीवर वाकली होती. आत बारीक, काळपट जीव वळवळत होते. कुणी हात जोडले, कुणी डोळे पुसले. पाणीबाबांचा शब्द खरा ठरला होता. गल्लीत तापाची साथ आली तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, त्यांच्या हातचे चार थेंब घालून पाणी नऊ दिवस उघडं ठेवायचं, हलवायचं नाही. घरातला ताप त्यात उतरतो आणि डोळ्यांना दिसतो.

माझ्याच बरणीत काही नव्हतं.

मी रोज पहाटे नेमाने देवापुढे पाणी ठेवते, आणि ते झाकल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्याच सवयीने या बरणीवरही मी धुतलेलं फडकं बांधलं होतं. बाबा सगळ्यांपुढे हसून म्हणाले, "ताईंनी रोगाचं दारच लावून घेतलं. आता तो पोरीच्या डोक्यातच मुक्काम करणार."

पोर म्हणजे माझ्या धाकट्या दिराची सात वर्षांची मुलगी. दोन दिवस तापाने फणफणत होती. मान ताठ झाली होती, बोलताना शब्द चुकत होते. दवाखान्याचं नाव काढलं तर दीर माझ्यावरच उखडले. जावेने फडकं सोडून फेकलं. एवढे नेम करूनही देव काही वळला नाही वाटतं, असं शेजारीण मला ऐकू जाईल इतपत हळू म्हणाली. आणि मी? मलाही वाटलं, माझीच भक्ती उणी पडली. तो अख्खा दिवस मी गप्प बसले. त्या दिवसाचा माझा स्वतःवरचा राग अजून जात नाही.

नवव्या सकाळी मी ओट्यावर जप करत होते. शेजारणीची बरणी हाताच्या अंतरावर होती. त्यातला एक जीव, स्वल्पविरामासारखा आखडलेला, पाण्याच्या वर येऊन थांबला. त्याची पाठ उकलली. आतून ओला डास निघाला, आपल्याच सालीवर उभा राहिला आणि थोड्या वेळाने उडून गेला.

आयुष्यात पहिल्यांदा मी जप अर्ध्यावर सोडला. दिरांना हाताला धरून आणलं. तेवढ्यात दुसऱ्याची पाठ उकलत होती.

"भाऊजी, हा रोग उतरतोय की डास निपजतोय?"

ते बरणीवर वाकले. आतून जावेची हाक आली. पोरीला झटके सुरू झाले होते. मग मात्र त्यांनी कुणाला विचारलं नाही. तिला उचललं आणि धावले.

डॉक्टरीणबाईंनी झटके थांबवले, सलाईन लावलं, आणि मग आम्हाला फैलावर घेतलं. हा मेंदूज्वर, त्या म्हणाल्या. विषाणू पाखरांच्या रक्तातून डासात येतो, डासातून माणसात. पुष्कळांना नुसता ताप येऊन जातो, एखाद्याच्या मेंदूपर्यंत पोचतो आणि मेंदू सुजतो. त्याला मारणारं खात्रीचं औषध अजून नाही, शोध चालू आहे. तोवर सूज आवरायची, झटके आवरायचे, श्वास सांभाळायचा, आणि हे वेळेत करायचं.

मी बरणीचं सांगितलं. त्या थकल्यासारखं हसल्या. "तुमच्या फडक्यामुळे डासाला आत अंडी घालता आली नाहीत. एवढीच त्या बाबाची सिद्धी. हिला कुठला डास चावला कोण जाणे, पण पुढच्यांना चावणारे तुम्ही घरोघर पाळलेत."

परतल्यावर मी गल्लीतल्या बरण्या एकेक करून ओतायला लावल्या. निम्म्याच ओतल्या गेल्या. बाबा म्हणाले, ताईंची श्रद्धा कच्ची, आणि पलीकडच्या गल्लीत गेले. तिथेही आता उंबऱ्यावर बरण्या आहेत.

देवावर माझी श्रद्धा आहे, म्हणूनच सांगते. त्याने डोळे दिलेत ते मिटून हात जोडण्यापुरते नाहीत. साचलेलं पाणी ओता, भरलेलं झाका. तापात मान ताठली, बोलणं भरकटलं, तर त्याच घटकेला दवाखाना गाठा.

पोर वाचली. उजव्या हातात अजून जोर नाही. रोज पहाटे ती माझ्याशेजारी बसते आणि देवाच्या पाण्यावर फडकं बांधते. गाठीचं एक टोक डाव्या हातात, दुसरं दातांत.