बॉनेटची दोन चुंबकं

गुरुवारी कंपनीला सुट्टी, आणि सुट्टी म्हटली की शेखरची गाडी. खरी नव्हे हो. खऱ्या गाड्या तो चाकणला आठवडाभर जोडतोच. ही तळहातावर मावणारी, प्लास्टिकच्या सुट्या भागांची, जपानहून मागवलेल्या डब्यातली. सहा दिवस मोठ्या गाड्यांचे बोल्ट आवळायचे आणि सातव्या दिवशी चिमटा घेऊन बारक्या गाडीसमोर बसायचं, असला हा माणूस. तनुजा म्हणायची, हौसेला मोल नसतं म्हणतात, यांच्या हौसेला अक्कलही नाही. पण म्हणताना हसायची.

मुलगी रांगायला लागली तेव्हा मात्र ती हसली नव्हती. इंद्रायणी, म्हणजे घरातली इंदू, जमिनीवर दिसेल ते तोंडात घालायची. तेव्हा तनुजानं एकच अट घातली होती: हे सगळं बाल्कनीत, दार लावून, आणि इंदू झोपलेली असतानाच. शेखरनं मान डोलावली होती. नवऱ्यांना मान डोलवायला काय लागतं.

त्या गुरुवारी कासारवाडीत ऊन असं तापलं होतं की बाल्कनीत गाडीचं प्लास्टिकच मऊ पडलं असतं. तनुजा खाली सुमनताईंकडे कुरडया घालायला गेलेली. सुमनताई म्हणजे घरमालकीण, तिथल्याच जुन्या शेतकरी घरातली बाई. शेखरनं काय करावं? टेबल उचलून बाहेरच्या दाराजवळ, वाऱ्याला आणून ठेवलं. खाली चपला-बुटांचा ढीग आणि शेजारी सतरंजीवर टक्क जागी इंदू. पाच मिनिटांचं तर काम आहे, तो स्वतःशीच म्हणाला. जगातली निम्मी संकटं या पाच मिनिटांतूनच निघतात.

डब्यातल्या गाडीचं बॉनेट उघडत नसे. शेखरनं ते करवतीच्या पात्यानं कापून सुटं केलं होतं, आत हातानं वायरी ओढून इंजिन सजवलं होतं. आता ते बॉनेट घट्ट बसावं म्हणून चार चुंबकं चिकटवायची होती. मसुराच्या डाळीएवढी, पण ओढ अशी की दोन जवळ आली तर नखानं सोडवावी लागत. त्यातली दोन त्यानं बॉनेटला लावली. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. तो गॅस बंद करून आला, तर टेबलावरची उरलेली दोन गायब. आणि टेबलाचा पाय धरून उभी राहिलेली इंदू काहीतरी चघळत होती.

त्यानं तिच्या तोंडात बोट घातलं. मुरमुऱ्याचा लगदा निघाला, बाकी काही नाही. पण मुरमुऱ्याआधी काय गेलं, हे कोण सांगणार?

शेखरच्या तोंडचं पाणी पळालं. पाकिटावरची सूचना त्यानं वाचली होती आणि त्याच्यासारख्याच हौशी लोकांच्या ग्रुपवर कुणीतरी सगळं समजावूनही सांगितलं होतं. एक चुंबक पोटात गेलं तर बहुतेक वेळा निघून जातं. दोन गेली तर ती आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना ओढतात, मधलं आतडं चिमटतं, त्याला भोक पडतं. मूल आधी नुसतं किरकिरतं, कुणाच्या लक्षातही येत नाही. आणि टेबलावरून गेली होती तीही नेमकी दोनच.

कुणाही शहाण्या माणसानं त्याच क्षणी बायकोला हाक मारली असती. पण शेखर हा लाईनवरचा गडी. कंपनीत डोक्यावर एक दोरी असते. काही चुकलं की ओढायची. मग ट्यून वाजते, लाईन थांबते, लीडर धावत येतो आणि सगळे तुमच्याकडे वळून बघतात. नियम म्हणतो, शंका आली की ओढा. जुने कामगार मात्र नव्याच्या कानात वेगळंच सांगतात: बोल्ट पडला तर आधी गुपचूप शोध भावा, सापडला की आवळ आणि पुढं हो. झाकली मूठ सव्वा लाखाची. शेखरनं असे कितीतरी बोल्ट गुपचूप शोधले होते. आतापर्यंत प्रत्येक वेळी सापडले होते, आणि तिथंच घोडं अडलं.

तो गुडघ्यांवर बसला. सतरंजी झटकली, फरशीच्या सांध्यांतून पिन फिरवली, टेबलाखालचे बूट उलटे करून आपटले, मोबाईलचा उजेड सोफ्याखाली टाकला. इंदूला हा खेळच वाटला. तीही त्याच्याबरोबर रांगत सोफ्याखाली डोकावायला लागली आणि खिदळली.

तनुजा पिठाचे हात पुसत वर आली, तेव्हा तो केर काढत होता.

"अगंबाई, तुम्ही आणि केरसुणी?" ती म्हणाली. "सूर्य कुठं उगवलाय आज?"

"असंच. धूळ झाली होती."

झालं. हाच तो क्षण होता. तोंड उघडायचं होतं, पण मूठ अजून झाकलेलीच. आणखी एकदा सोफा सरकवू, मग सांगू. आणखी एकदा केरसुपलीतला कचरा चिवडू, मग सांगू. तिकडे तनुजा इंदूला वरण-भात भरवत होती आणि इंदू तोंड फिरवत होती. "खात का नाही गं आज?" ती सहज म्हणाली. शेखरनं केरसुपली पुन्हा चिवडायला घेतली. बराच वेळ असा गेला. मग इंदूनं खाल्लेला घास ओकून टाकला.

पोरं ओकतातच. तनुजानं पदरानं तिचं तोंड पुसलंही. पण शेखर तिथंच भिंतीला टेकला आणि म्हणाला, "तनू, तिनं चुंबक गिळलंय बहुतेक. दोन."

तनुजानं हातातली वाटी तशीच खाली ठेवली. इंदूला उचललं आणि ती जिना उतरायला लागली. शेखरनं हाताला लागले ते बूट पायात कोंबले, कंपनीतले जड सेफ्टी शूज, आणि तो मागे धावला. खाली सुमनताईंनी विचारलं, "काय झालं रं?" तो नुसता हात हलवून पुढे गेला.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी पहिलाच प्रश्न केला, "किती वेळ झाला?"

शेखरनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"आत्ताच ना?" तनुजा म्हणाली. "आत्ताच कळलं ना तुम्हाला?"

"दोन तास झाले असतील," तो म्हणाला.

तनुजानं त्याच्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं होतं. एखादा अनोळखी माणूस कुठं पाहिलाय ते आठवावं, तसं तिनं पाहिलं.

एक्स-रेसाठी इंदूच्या पायातले वाळे काढले, मनगट्या काढल्या. वाळ्यांशिवाय तिचे पाय उघडेबोडके दिसत होते. फोटो होईपर्यंत शेखरनं कासारवाडीतल्या, गावाकडच्या, ठाऊक असलेल्या सगळ्या देवांना हात जोडले. त्याचा जीव खरोखर टांगणीला लागला होता.

डॉक्टरबाईंनी फोटो दोनदा पाहिला. "पोटात काही नाही. गळ्यातही नाही. घरी न्या, पण लक्ष ठेवा."

तनुजा मटकन खाली बसली आणि तिथंच रडली. शेखरनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही, पण धरलाही नाही.

घरी आल्यावर तो दारात बूट काढायला वाकला. सुमनताई चौकशीला मागोमाग वर आल्या होत्या.

"थांब रं," त्या म्हणाल्या. "तुज्या बुटाला काय चमाकतंय?"

उजव्या बुटाचं टोक घासून घासून चामडं गेलं होतं आणि आतली लोखंडी टोपी उघडी पडली होती. तिच्या कडेला, बुटाच्या तळाच्या अगदी वर, दोन्ही चुंबकं एकमेकांना बिलगून बसली होती. हाच बूट त्यानं उलटा करून आपटला होता.

"काखेत कळसा अन् गावाला वळसा," सुमनताई हसत म्हणाल्या. "पोरगी सुखरूप हाय न्हवं? मग झालं तर." आणि उन्हात घातलेल्या कुरडया कावळे तर खात नाहीत ना, ते बघायला त्या खाली गेल्या.

शेखरनं ती गाडी, डबा, रंगांच्या बाटल्या सगळं एका पिशवीत भरलं आणि दाराकडे निघाला.

"कुठं?" तनुजानं विचारलं.

"टाकून येतो."

"गाडी कशाला टाकताय? तिनं माझ्यापासून काय लपवलं?"

तो पिशवी घेऊन तसाच उभा राहिला. मग पिशवी कपाटावर ठेवून आला. तनुजाच्या कडेवरून इंदूनं त्याला पाहून नेहमीसारखे दोन्ही हात पुढे केले आणि त्यानंही केले.

तनुजानं इंदूला लगेच दिलं नाही. "हात उघडा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही की काही नाही. त्यानं मुठी उघडल्या. तिनं दोन्ही तळहात पाहिले, बोटांच्या बेचक्यांतून अंगठा फिरवला, आणि मग पोरीला त्याच्याकडे दिलं.

कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीवाला रोज त्याची झडती घेतो. त्याचं शेखरला कधी काही वाटलं नव्हतं. आज घरात, इंदूला छातीशी धरून, तो मान खाली घालून रडला.