एका तासाला एक ओळ

चार ओळी लिहिल्या तर लेस्टर झाडोचे चौदा दिवस वाचणार होते. लग्नाला चाळीस वर्षं होत होती आणि त्याच्या बायकोनं, वेर्नानं, त्याच्यापुढं दोन वाटा ठेवल्या होत्या. एक तर ऐन मे महिन्यात दोघांनी जहाजानं समुद्रापलीकडं होबार्टला तिच्या बहिणीकडं जायचं आणि चौदा दिवस राहायचं. नाही तर येत्या शनिवारी हॉलमध्ये, सगळ्या गावासमोर, त्यानं तिच्यावर चार ओळी वाचायच्या. ओळी स्वतःच्या हव्यात. शुभेच्छापत्रावरच्या उतरवलेल्या चालणार नाहीत.

आमच्याकडं मे म्हणजे पेरणी. तांबडी वाळू कोरडीठाक, पश्चिमेला दोन दिवसांपासून ढगांची राखाडी कड, आणि पाऊस उतरायच्या आत बी जमिनीत गेलं नाही तर वर्षाचं गणित चुकणार. लेस्टरनं चौदा दिवस एका पारड्यात घातले, वर जहाजातलं मळमळणं घातलं, साडूच्या गुलाबाच्या बागेतली रोजची फेरी घातली. दुसऱ्या पारड्यात चार ओळी. "लिवतो," म्हणाला आणि जेवायला बसला. सौदा एवढा स्वस्तात पडला म्हणून त्या दिवशी त्यानं भाजी दुसऱ्यांदा घेतली.

आमच्या गावाला, कॅराबिनला, वाचायची खोड लावली ती वेर्नानं. हॉलच्या मागच्या खोलीत, खुर्च्या रचून ठेवायच्या जागी तिनं पुस्तकांचं कपाट मांडलं. पेरणीच्या दिवसांत रोज दहा वाजता ती स्वयंपाकघरातल्या रेडिओवरून गोष्टीची दोन पानं वाचायची. आमच्याकडं प्रत्येक ट्रॅक्टरात रेडिओ आणि सगळ्या वस्तीचा चॅनल एकच, त्यामुळं दहाला जो तो रानाच्या टोकाला उभा राहून चहा पीत ऐकायचा. दुपारच्या भाकऱ्या म्हणजे पावात घातलेलं मटण. त्याच्या कागदावरही ती आतल्या बाजूनं एखादी ओळ लिहून द्यायची. लोणच्याचा डाग पडलेली कविता वाचून माणसं कामाला लागायची.

लेस्टरला तेवढी ही खोड लागली नव्हती. चॅनल आहे तो आग लागली तर सांगायला आणि खताचा ट्रक कुठं पोचला ते विचारायला, असं तो चारचौघांत म्हणायचा. कागदावरची ओळ न वाचता गुंडाळायचा. जरूर असेल तेवढंच बोलायचा आणि मग तेही अर्धं ठेवायचा.

बुधवारी सकाळी तो मोठ्या रानात शिरला. हल्लीचा ट्रॅक्टर उपग्रहाकडं बघून आपला आपण सरळ जातो. माणसानं टोकाला गेल्यावर वळवायचा, तेवढंच काम. इकडून तिकडं जायला पंधरा मिनिटं. लेस्टरनं ठरवलं, एका तासाला एक ओळ. नांगराचं तास, घड्याळाचा नव्हे. चार तासं ओढली की कविता पुरी, जेवायच्या आत चौदा दिवस खिशात. बियाणं कंपनीनं फुकट दिलेली वही त्यानं मांडीवर घेतली. पहिल्या तासाला ट्रॅक्टर लावताना चाक फिरवायला हात लागले म्हणून त्यानं ती वही सीट आणि हातटेक्याच्या फटीत खुपसली. त्याच फटीत रेडिओचा माइक लोंबत होता. वहीनं माइकचं बटण दाबलं ते दाबलंच.

बटण दाबलेलं असलं की त्या चॅनलवर त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाला बोलता येत नाही. ऐकू मात्र सगळ्यांना येतं.

"तू फुलासारखी," लेस्टर म्हणाला, आणि ते अकरा ट्रॅक्टरांत आणि तितक्याच स्वयंपाकघरांत ऐकू गेलं. मग म्हणाला, "कुठल्या फुलासारखी पण? हितं फुलं हायतच कुठं. खारझुडपाला येतं ते का फूल म्हणायचं?"

शेजारच्या रानात डार्सी नॉस्के खतावाचून उभा होता. खताचा ट्रक चालवणारा क्लेम कुठल्या फाटकाशी आहे ते त्याला विचारायचं होतं. तीनदा बटण दाबलं, पण लेस्टरच्या फुलापुढं कोणाचं काही चालेना. एवढ्यात त्याची बायको मेरिन जेवण घेऊन गाडीतून आली. तिनं घरून निघाल्यापासून गाडीतल्या रेडिओवर हेच ऐकलं होतं. डार्सी म्हणाला, जाऊन त्याला सांगतो. मेरिननं गाडीची किल्ली काढून खिशात घातली आणि नवऱ्याला गप बसून ऐकायला सांगितलं. तिच्या म्हणण्याप्रमाणं गोष्टीची दोन पानं रोजच मिळतात, हे मिळत नाही.

दुसऱ्या तासाला लेस्टर यमकात अडकला. तिसऱ्यात त्यानं वेर्नाच्या हातच्या केकवर ओळ करून बघितली. ती जुळली नाही, पण जुळवता जुळवता तोंडातून निघून गेलं, की चाळीस वर्षं तो केक खातोय आणि मनुका त्याला पहिल्या दिवसापासून आवडत नाहीत. केक तो खातो, मनुका तेवढ्या कोटाच्या खिशातून कुत्र्याला जातात. अकरा स्वयंपाकघरांत कोणीतरी कपाळावर हात मारला असेल. बाराव्याचं, म्हणजे त्याच्या स्वतःच्या घरातलं, तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं.

चौथ्याला त्याची नजर कुंपणापलीकडं गेली. डार्सीचा ट्रॅक्टर जुना, हातानं चालवायचा. प्रेम कसं सरळ असावं हे सांगायला त्याला दाखला हवा होता. "सरळ असावं, डार्सीच्या पेरणीवानी नको. त्याच्या ओळी बगितल्या की वाटतं, पाभर न्हाई, प्यालेला साप गेलाय रानातनं." डार्सी लाल झाला. मेरिन इतकी हसली की तिच्या हातातला चहा सांडला. डार्सीनं किल्ली मागितली. मिळाली नाही.

पाचव्या तासाला वारा सुटला, धुळीचा पडदा ट्रॅक्टरावरून सरकला, आणि लेस्टर यमक सोडून नुसता बोलायला लागला. अगदी हळू, कुत्र्याशी बोलावं तसा.

"ज्या साली पेरलेलं सगळं वाऱ्यानं नेलं, त्या साली तू खिडक्या पुसत बसलीवतीस. म्या इचारलं, कशापायी? तू म्हनलीस, आपलं रान उडून चाललंच हाय, तर नीट दिसू तरी दे."

मग वही न उपसता तिच्या वर आलेल्या पानावर खरडल्याचा आवाज, आणि लगेच खोडल्याचा. "छ्या," तो म्हणाला. "ही काय कविता न्हाई. हे तर घडल्यालंच हाय."

मेरिननं खिशातून किल्ली काढून डार्सीच्या हातावर ठेवली. "आता जा," ती म्हणाली. "ह्याच्या फुडचं त्याचं त्याच्यापाशी ऱ्हाऊ दे."

डार्सी रानाच्या टोकाला दोन्ही हात वर करून उभा राहिला. लेस्टरनं ट्रॅक्टर थांबवला, दार उघडलं.

"गड्या, तुजं बटण दाबल्यालं हाय."

लेस्टरनं खाली बघितलं. वही, फट, माइक. "कवापासनं?"

"फुलासारखीपासनं."

लेस्टरनं वही फटीतून उपसली. डार्सी जाता जाता एवढं म्हणाला, की सापाचं बघून घेऊ.

त्या संध्याकाळी लेस्टर घरी फार उशिरा आला असता, पण पाभरीच्या पेटीतलं बी संपलं होतं. वेर्नानं मटणाचा रस्सा वाढला. जेवणानंतर नेहमीचा केक आला नाही, सफरचंद आलं. ती रेडिओबद्दल चकार शब्द बोलली नाही. त्यानं अंदाज बांधला, की रेडिओ बंद होता आणि सफरचंदाचा हंगाम आहे. माणसाला सोयीचं असेल ते खरं वाटतं.

तरी भीती होतीच. वेर्नानं ऐकलं असेल, तर शनिवारी चांगल्यात चांगलं काहीतरी द्यायला हवं, नाही तर होबार्ट. म्हणून बाकीचे दोन दिवस त्यानं यमकं जमवली, खोडली, पुन्हा जमवली. शनिवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून हॉलमध्ये उभा राहिला आणि चार ओळी वाचल्या. त्यात चांदणी होती, सागर होता, आणि 'जीवना'ला 'सावना' जुळवलं होतं. आमच्या ह्या मॅली नावाच्या कोरड्या भागातून समुद्र बघायला दिवसभराची गाडी लागते. लोकांनी शेजाऱ्याला वाईट वाटू नये एवढ्या टाळ्या वाजवल्या.

वेर्ना उठली. "ह्या कुणाच्या ओळी?"

"माज्याच की."

"जमवल्यास तू, हे खरं. पण तुज्या न्हाईत." तिनं पर्समधून घडी केलेला कागद काढला. पावाचा कागद, आतली बाजू. "तुज्या माज्यापाशी हायत. बुधवारी लिवून घेतल्या. एक शबुद बदलल्याला न्हाई."

आणि तिनं वाचलं. वाऱ्यानं नेलेलं साल, पुसलेल्या खिडक्या, म्या इचारलं, तू म्हनलीस. बरोबर चार ओळी भरल्या. त्या सालची माणसं हॉलमध्ये होती. त्यांच्यापैकी कोणी टाळी वाजवली नाही. एकानं टोपी काढली आणि ती कुठं ठेवावी हे त्याला सुचेना.

लेस्टर कानापर्यंत तांबडा होऊन म्हणाला, "पर ते तर घडल्यालं हाय, वेर्ना."

"मग घडल्यालंच मागितलं हुतं म्या," ती म्हणाली. "होबार्ट ऱ्हाऊ दे. मनुकांचं घरी बोलू."

पाऊस त्या बुधवारपासून सहाव्या दिवशी आला. लेस्टरचं सगळं रान तोवर पेरून झालं होतं.

आता कोणी किती भरलं ते सांगतो. लेस्टरचे चौदा दिवस पुरे वाचले. त्याला गेली फक्त अब्रू, आणि तीही व्याजासकट परत आली, कारण लोक आता त्याला हॉलमध्ये पुढची खुर्ची देतात. पण त्या शनिवारी घरी परतताना अकराच्या अकरा घरांत बायकांनी एकच विषय काढला. मेरिननं डार्सीकडं चार ओळी मागितल्या नाहीत, आठ मागितल्या. डार्सी दुसऱ्याच दिवशी लेस्टरच्या फाटकाशी आला. साप माफ करायला तयार होता, दोन ओळी उसन्या मिळाल्या तर.

लेस्टरनं विचार केल्यासारखं केलं. "मेरिन काय बोलल्याली ते मला कसं ठावं असंल? तुज्या तू आठव."

तेव्हापासून कॅराबिनचे नवरे पेरणीला निघाले की आधी माइकची वायर उपसून ठेवतात, मग वही काढतात. कोण कुठल्या रानात आहे, कोणाचं खत संपलंय, विचारायला रेडिओवर कोणी सापडत नाही. बिचारा क्लेम भरला ट्रक घेऊन फाटकामागून फाटक हिंडतो, धुळीत ट्रॅक्टर शोधतो. डिझेल त्याचं जातं, दिवस त्याचा जातो. आणि अख्ख्या वस्तीत तो एकटाच असा आहे, की ज्याच्याकडं अजून कोणी ओळ मागितलेली नाही.